ताई, तुमचा स्पीड मागच्या हॉर्नवर ठरत नाही

पत्र

दादा नमस्कार. मी सातारची, शाहूपुरीत राहते, वय 41. लर्निंग लायसन्स काढून दोनेक महिने झाले, ड्रायव्हिंग स्कूलचा क्लास संपलाय, आता मिस्टरांना शेजारी बसवून आमच्या 2019 च्या छोट्या गाडीवर सराव करते. प्रॉब्लेम असा आहे की स्पीडचं गणितच कळत नाही. क्लासचे सर म्हणायचे ताई दाबा की जरा, मागं रांग लागलीय. मिस्टर म्हणतात हळू, हळू. मागचे नुसते हॉर्न मारतात. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की त्यात टू-व्हीलर घुसते, मी परत मागं होते, परत एक घुसते. मागच्या आठवड्यात कोरेगाव रोडला उसाच्या ट्रॉलीमागं होते, 50 च्या आसपास स्पीड असेल, त्यानं इंडिकेटर न देता एकदम हळू करून शेताकडं वळवली. मी ब्रेकवर उभीच राहिले. वीतभर अंतर राहिलं. मिस्टर म्हणाले ब्रेक उशिरा मारलास, वर म्हणाले एबीएस होतं म्हणून वाचलो. तेव्हापासून काटा 30 च्या वर गेला की हाताला घाम फुटतो. कुठल्या स्पीडला किती अंतर लागतं ते एकदा नीट सांगा. आणि मी कायम 40 नंच चालवली तर चालेल का? माहेर वाईला आहे, स्वतः गाडी घेऊन जायचंय, पावसाळ्यात मुलांना कासला न्यायचंय. नाव छापू नका, मिस्टर तुमचं सदर वाचतात.

उत्तर

ताई, आधी त्या ट्रॉलीचं मिटवून टाकू, कारण घाम तिथंच फुटतोय. मिस्टर म्हणतात ब्रेक उशिरा मारला. पत्रावरून मला तसं वाटत नाही, माणूस जितक्या लवकर मारू शकतो तितक्या लवकर तुम्ही मारला, अंतर आधीपासून कमी होतं. म्हणजे ट्रॉलीवाल्यानं वळवायच्या आधी, सगळं निवांत चाललं होतं ना, रेडिओ वगैरे, गडबड तेव्हाच झालेली होती. मी यावर अडून बसतोय कारण ब्रेक उशिरा मारला हे खरं धरलं तर त्यावर उपाय काय तर अजून चपळ व्हा, आणि 41 व्या वर्षी सोडा, 21 व्या वर्षी पण कोणी ठरवून चपळ होत नाही. अंतर कमी होतं हे धरलं तर उपाय तुमच्या उजव्या पायात आहे, आजपासून करता येतो.

गाडी थांबायला जे अंतर लागतं त्याचे दोन तुकडे असतात. पुढं काहीतरी झालं, ते डोळ्याला दिसलं, डोक्यात शिरलं, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरनं उचलला, ब्रेकवर नेला, एवढं होईपर्यंत गाडी आहे त्याच स्पीडनं पळत असते. हा पहिला तुकडा. नेहमी चालवणाऱ्याला याला एक सेकंद लागतो, नवीन माणसाला दीड धरा, कारण पाय अजून पेडल शोधतो. मग ब्रेक लागतो आणि गाडी खरी थांबायला लागते, तो दुसरा तुकडा. बहुतेक लोक फक्त दुसराच मोजतात, पहिला त्यांच्या खिजगणतीतच नसतो, आणि गावातल्या स्पीडला पहिलाच मोठा असतो बरं का.

आता आकडे. कोरडा डांबरी रस्ता, बरे टायर आणि तुमचे दीड सेकंद धरून मी सांगतोय. 40 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. म्हणजे दीड सेकंदात साधारण 17 मीटर, वर ब्रेकचे 9, झाले 25-26 मीटर. 30 ला सगळं मिळून 17-18 मीटर. 50 ला, जो तुमचा ट्रॉलीमागचा स्पीड होता, 35 मीटर. 60 ला 45, 80 ला 70, आणि 100 ला जवळपास 97. मीटर डोळ्यापुढं येत नसतील तर मुलांना विचारा, क्रिकेटचं पिच 20 मीटरचं असतं. 40 ला सव्वा पिच, 60 ला सव्वादोन पिच, 80 ला साडेतीन. आता आठवा ट्रॉलीच्या मागं तुम्ही किती होता, अर्धं पिच तरी होतं का? वाचलात कारण ट्रॉली जागेवर थांबली नाही, हळू होत वळत राहिली, तेवढी पुढं सरकली म्हणून. एबीएसनं वाचवलं नाही. एबीएसबद्दल खाली सांगतो.

यात एक गोष्ट फार जण विसरतात. स्पीड दुप्पट केला की पहिला तुकडा दुप्पट होतो पण ब्रेकचा तुकडा चौपट होतो. 30 ला ब्रेकचं अंतर 5 मीटर आणि 60 ला 20. आणि याहून डोकं फिरवणारा हिशोब सांगतो. समजा साताऱ्यातल्या राजपथावर एखादं पोरगं बॉलमागं पळत तुमच्यापासून 26 मीटरवर रस्त्यात आलं. तुम्ही 40 ला असाल तर त्याच्या पुढ्यात थांबता, जेमतेम, पण थांबता. 60 ला असाल तर? दीड सेकंदात 25 मीटर संपले. म्हणजे 40 वाली गाडी जिथं पूर्ण थांबून उभी आहे तिथं 60 वालीचा ब्रेक नुकता लागायला सुरुवात झालीय, आणि ती जवळपास 60 नंच धडकते. लोकांना वाटतं 20 नं स्पीड जास्त म्हणजे थोडं जोरात लागेल. तसं नसतं ओ.

हे आकडे बघून कोणी म्हणेल हा माणूस जास्तच घाबरवतोय, तर रस्ते आखणारे इंजिनियर माझ्याहून घाबरट असतात. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक धरून रस्ता डिझाईन करतात त्यात ड्रायव्हरला अडीच सेकंद दिलेले असतात, ब्रेकही साधारणच धरलेला असतो, आणि थांबायला 40 च्या स्पीडला 45 मीटर, 60 ला 80 आणि 80 ला 120 मीटर पुढचं दिसलं पाहिजे असं त्यांचं माप आहे. ते सगळ्यांना धरून मोजतात, दमलेला ड्रायव्हर, गुळगुळीत टायर, ओला रस्ता. आणि तसा ड्रायव्हर तुमच्या पुढंमागं असतोच कायम.

आता गाडीत बसून मीटर कोण मोजणार, मिस्टर टेप घेऊन उतरणार का? म्हणून सेकंद मोजायचे. पुढची गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या खांबापाशी, झाडापाशी, बोर्डापाशी पोचली की तोंडानं म्हणायचं एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तीन म्हणून होईपर्यंत तुम्ही त्या खांबापाशी पोचायचं नाही. आधी पोचलात तर जवळ आहात, पाय थोडा सैल करा. याचं चांगलं हे की स्पीड वाढला की अंतर आपोआप वाढतं, वेगळं पाठ करायला नको.

बरेच ठिकाणी दोन सेकंद सांगतात. तज्ञ माणसाला, पुढं चालती गाडी असेल तर दोन चालतात, कारण पुढचाही ब्रेक मारून थोडा पुढं जाऊनच थांबतो. तुम्ही तीन धरा, आणि का ते बघा. 60 ला तीन सेकंद म्हणजे 50 मीटर, आणि तुम्हाला थांबायला लागतात 45. म्हणजे पुढचा भिंतीला आपटल्यासारखा जागेवर जरी थांबला तरी तुम्ही थांबता. दोन सेकंदात 33 मीटरच मिळतात, 12 कमी पडले. 80 ला तीन सेकंद म्हणजे 67 मीटर, लागतात 70, काठावर येतं, म्हणून हायवेला चार करा. रस्ता ओला असेल तर कुठंही चार. गावात राजवाड्यापाशी नाहीतर एसटी स्टँडपुढं 15-20 नं सरकताय तिथं सेकंद मोजत बसू नका, पुढच्या गाडीचं मागचं चाक जिथं रस्त्याला टेकतं तेवढा रस्ता बॉनेटवरनं दिसला पाहिजे, एवढं बघा, बास.

टू-व्हीलर घुसणारच. साताऱ्यात राहून ते बंद होणार नाही आणि त्यावर चिडून अंतर कमी करणं म्हणजे आपणच आपलं नुकसान. घुसली की ब्रेक मारू नका, फक्त अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडा, पाच-सहा सेकंदात अंतर परत तयार होतं, आणि निम्म्या वेळा ती टू-व्हीलर तोपर्यंत पुढच्या गाडीच्याही पुढं निघून गेलेली असते. उशीर किती होतो बघा, एक बाईक घुसली की तुमचे फार तर तीन सेकंद जातात. वाईपर्यंत 20 जण घुसले तरी एक मिनिट. एका मिनिटानं माहेरी कोणी काही म्हणणार आहे का?

हॉर्नचं तर माझं मत असं आहे की जो हॉर्न मारतोय त्यानं तुम्हाला बघितलंय, त्याच्यापासून एवढा धोका नाही. धोका गप मागं चिकटून मोबाईल बघत येणाऱ्यापासून. आरसा बघायची सवय त्याच्यासाठी करायची. मागं कोणी चिकटलं की बहुतेक नवीन माणसं घाबरून स्पीड वाढवतात आणि पुढच्याला जाऊन चिकटतात, म्हणजे सँडविच. करायचं उलटं. पुढचं अंतर अजून वाढवायचं, म्हणजे काही झालं तर तुम्हाला सावकाश ब्रेक मारता येतो आणि मागच्या शहाण्याला पण थांबायला जागा मिळते. जागा दिसली की डावीकडं होऊन जाऊ द्या त्याला. आणि क्लासच्या सरांना मागं रांग लागल्याचं टेन्शन का येतं मला अजून कळलेलं नाही, एल बोर्ड त्यासाठीच असतो की, पांढऱ्यावर लाल, पुढं आणि मागं दोन्हीकडं लावा. मिस्टर लायसन्सवाले आहेत आणि शेजारी बसतात हे नियमाला धरूनच आहे, तेवढं तरी त्यांचं कौतुक करा.

आता गावातली एक सवय सांगतो जी स्पीड कमी केल्याइतकीच कामाची आहे. जिथं काहीतरी होईल असं वाटतं तिथं पाय आधीच ब्रेकवर नेऊन ठेवायचा, दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. लावलेल्या गाड्यांची रांग, ज्यातला एखादा दरवाजा उघडेल. उभी एसटी, जिच्या पुढनं बाई लेकराला घेऊन रस्ता क्रॉस करणार. शाळा सुटलेली. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे खालच्या भुयारी रस्त्यात उतरताना, उन्हातनं एकदम सावलीत गेलं की डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो, त्यात उतार. पाय आधीच ब्रेकवर असला की तुमचा निदान अर्धा सेकंद वाचतो. 40 ला अर्धा सेकंद म्हणजे साडेपाच मीटर, अख्ख्या गाडीपेक्षा जास्त लांबी. फुकट मिळते.

एबीएस. हे चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून जोरात ब्रेक मारलेला असतानाही स्टिअरिंग फिरवलं तर गाडी वळते, त्याचं मुख्य काम हे. त्यामुळं अंतर फार कमी होतं असं समजू नका, बारीक खडी, वाळू पसरलेली असेल तर उलट वाढू पण शकतं. आणि ते काम करताना पेडल पायाखाली थडथडतं, करकर आवाज येतो. नवीन माणूस दचकून पाय काढतो, तिथंच घात होतो. थडथडलं की अजून दाबायचं, सोडायचं नाही, आणि जिकडं जायचंय तिकडं बघून वळवायचं. हे एकदा रिकाम्या रस्त्यावर अनुभवून घ्या, वाचून कळत नाही. एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी एखादा सरळ रिकामा रस्ता मिळतो, आरशात मागं कोणी नाही बघा, 30 वर या, मिस्टरांना मधेच ब्रेक म्हणायला सांगा, आणि पूर्ण ताकदीनं दाबा. बहुतेक शिकाऊ माणसांनी ब्रेक पूर्ण दाबलेलाच नसतो आयुष्यात. मग जिथं ब्रेक ऐकलं त्या जागेपासून पावलं टाकत गाडीपर्यंत या, आपलं पाऊल पाऊण मीटर धरा. 30 ला किती पावलं, 40 ला किती. तुमचा आकडा माझ्या आकड्याहून वेगळा येईल, तुमचाच खरा धरा, तो तुमच्या पायाचा आणि तुमच्या गाडीचा आहे. फक्त तिथं तुम्हाला माहिती असतं की ब्रेक म्हणणार आहेत, ट्रॉलीवाला सांगून वळत नाही, म्हणून वर थोडी भर धरा.

त्या सरावात अजून एक बघा, तुम्ही क्लच आधी दाबता का. दहातले बरेच जण दाबतात, गाडी बंद पडेल म्हणून. क्लच दाबला की इंजिनाची ओढ सुटते आणि गाडी मोकळी पळते. आधी ब्रेक, गाडी थांबायला आली की मग क्लच. इमर्जन्सीत गाडी बंद पडली तर पडू दे, परत स्टार्ट होते. आणि पायात सरकणारी चप्पल नको, पायाखालची मॅट पुढं सरकत नाही ना बघा, आणि मुलांची पाण्याची बाटली सीटखाली ठेवायची नाही म्हणजे नाही. ती घरंगळत ब्रेक पेडलच्या मागं जाऊन बसली तर पेडल खालीच जात नाही.

रात्रीचं. ऊस चालू आहे तोवर हे फार महत्त्वाचं. लो बीमचा उजेड साधारण 40-50 मीटर पडतो, आणि 60 ला थांबायला 45 लागतात. म्हणजे लो बीमवर 60 च्या वर गेलात की तुम्ही उजेडाच्या पुढं पळताय, दिसेल तेव्हा थांबता येणारच नाही. शेंद्र्याला, भुईंजला कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, उसाचे शेंडे बाहेर आलेले, कधी पंक्चर होऊन रस्त्यातच उभी आणि मागं दोन दगड ठेवलेले. समोरनं कोणी हाय बीम मारत आला तर त्या दोन-तीन सेकंदात तुम्हाला काहीच दिसत नसतं, तेव्हा त्या लाईटकडं न बघता डावीकडची पांढरी पट्टी बघायची आणि पाय सोडून द्यायचा. माझं विचाराल तर लायसन्स हातात येईपर्यंत रात्री गावाबाहेर काढूच नका. मिस्टर काही म्हणोत.

आता तुमचा मूळ प्रश्न, कायम 40. नाही ताई, 40 हा काही सुरक्षित आकडा नाही. गावात मोती चौकात 40 म्हणजे डेंजर आहे आणि वाईला जाताना हायवेवर 40 म्हणजे तुम्ही बाकीच्यांसाठी ट्रॉली झालात. मी एकच विचारायला सांगतो, पुढचा रस्ता मला मोकळा किती दिसतोय, आणि आत्ताच्या स्पीडला मी तेवढ्यात थांबू शकते का. हो असेल तर स्पीड बरोबर, मग तो 20 असो नाहीतर 70. नसेल तर जास्त, मागं मंत्र्याचा ताफा असला तरी जास्त.

घाटात हेच अजून कडक होतं. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना समजा वळणावर तुम्हाला पुढचा 40 मीटर रस्ता दिसतोय. तुम्ही म्हणाल 50 ला 35 मीटरमध्ये थांबते की मी. पण रस्ता अरुंद आहे आणि समोरनं येणाराही त्याच 40 मीटरमध्ये थांबणार आहे. म्हणजे तुमच्या वाट्याला 20, म्हणजे 30 चा स्पीड. अरुंद रस्त्याला दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे. वळणाच्या आधी हॉर्न, आधीच ब्रेक, वळणात ब्रेक नाही. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम आहे, उतरताना तुम्ही थांबा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा नाहीतर तिसरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून अख्खा घाट उतरलात तर ब्रेक तापतात आणि खाली येईपर्यंत धरेनासे होतात, जळका वास आला तर बाजूला घेऊन थंड होऊ द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे किंवा गाडी बंद करून उतरणारे काका प्रत्येक घरात एक असतात, त्यांचं ऐकू नका. इंजिन बंद असलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड होतं.

त्यात पावसाळा म्हणताय. ओल्या रस्त्यावर 60 ला 45 च्या जागी साधारण 60 मीटर लागतात, 80 ला 95 च्या आसपास, आणि उतार असेल तर ब्रेकचं अंतर अजून पाचव्या हिश्श्यानं वाढतं. पहिल्या पावसाचे दिवस सगळ्यात वाईट, रस्त्यावरचं ऑईल आणि धूळ मिळून निसरडी साय होते. नंतर धुऊन जातं. कासला वर धुकं असतं, तिथं दिसतं तेवढ्यात थांबायचं म्हणजे कधीकधी 20 नं जायचं, आणि वळणावर गाडी लावून सेल्फी काढणारी मंडळी धुक्यात पण असतात हो. फुलांच्या सिझनला शनिवार-रविवारी नका जाऊ, मधल्या वारी जा.

वाई त्या मानानं सोपी आहे, घाबरू नका. खंबाटकीचा घाट तुमच्या वाटेत येतच नाही, बोगद्यापलीकडचं ते एस वळण उताराचं आहे आणि तिथं भल्याभल्यांचं गणित चुकलंय, तुमचा विषयच नाही तो. आनेवाडीचा टोलनाका ओलांडला, पाचवडला बाहेर पडून आत वळलं की वाई. हायवेला डाव्या लेननं 60-70, चार सेकंद अंतर. दुभाजकाच्या चौपदरी रस्त्याला कारसाठी केंद्रानं 2018 ला कमाल 100 ठरवलंय, पण जिथं कमीचा बोर्ड असेल तिथं बोर्डाचंच ऐकायचं, आणि 100 ही शेवटची मर्यादा आहे, जायलाच पाहिजे असं नाही. सर्व्हिस रोडवरनं आत शिरताना 30 नं शिरू नका, जागा बघून 60 पर्यंत आणून मगच लेनमध्ये या. आणि पाचवडला बाहेर पडताना काट्याकडं बघा, अंदाजावर जाऊ नका. बराच वेळ 70 नं चालवल्यावर 50 म्हणजे गाडी थांबल्यासारखी वाटते, आणि त्याच 50 नं माणूस गावात घुसतो.

मिस्टरांना (वाचताय ना साहेब) एक विनंती. अगं, अगं, ए, बघ की, हे बंद. कशाकडं बघायचं ते शोधण्यात तिचा एक सेकंद जातो, 60 ला तो 17 मीटर आहे. ठरवून दोनच शब्द ठेवा, ब्रेक आणि सोड. सोड म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोड. बाकी भाषण गाडी थांबल्यावर, चहा पिताना.

घामाचं म्हणाल तर 30 च्या वर एकदम जाऊ नका. सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्याला, पुढं कोणीच नसताना 45 पर्यंत जा, परत 30 वर या, पुन्हा जा. पुढं मोकळा रस्ता असताना स्पीड घेतला की हात कोरडे राहतात असं माझ्याकडं येणाऱ्या बहुतेकांचं झालंय, कारण भीती स्पीडची कमी असते, पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांची जास्त. लर्निंग सहा महिने चालतं आणि टेस्ट तीस दिवसांनंतर कधीही देता येते, म्हणजे तुमची अट कधीच पूर्ण झालीय, घाई पण नाही. वाई लायसन्स आल्यावर, कास त्याच्याही नंतर.

आणि एक, गाडी 2019 ची म्हणालात. टायर मूळचेच आहेत का ते बघा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडी नंबर असतो, 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. तळाच्या खाचांमध्ये मधेमधे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या लेव्हलला आला म्हणजे खाच 1.6 मिलिमीटरच उरली, टायर संपला. तेवढं झिजलं नसलं तरी इतक्या वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि मी वर दिलेले सगळे आकडे बऱ्या टायरचे आहेत. नवीन सीट कव्हर दिवाळीला घ्या, पावसाळ्याच्या आधी टायर बदला.